मिठाचा हिशेब

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण मराठीत म्हणतो. आमच्या घरच्या दखनीत ‘नमकहराम’ याहून जड शिवी नव्हती. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखायचे, एवढाच त्यातला अर्थ. पण हा न्याय फक्त नोकराचाकरांना लागू करून कसे चालेल? सरकारही प्रजेचे मीठ खाते. मग त्याने त्या मिठाला जागायला नको का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणातल्या कोतळूक गावी जन्मलेल्या एका माणसाने जवळजवळ हाच प्रश्न कलकत्त्याला, प्रत्यक्ष व्हाइसरॉयसमोर विचारला. त्याने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. फक्त आकडे मांडले. तो माणूस म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

मित्रहो, आधी ती सभा कशी होती ते पाहू. १८९२ च्या कायद्याने मध्यवर्ती विधिमंडळाच्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलायची मुभा मिळाली. मुभा बोलण्याचीच. मत देता येत नव्हते, ठराव मांडता येत नव्हता, एखाद्या खर्चातला एक रुपयासुद्धा कमी करता येत नव्हता. प्रश्न विचारता येई, पण उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. बहुसंख्य सभासद सरकारी अधिकारी. एकेकाने भाषण करायचे, अर्थमंत्र्यांनी उत्तर द्यायचे, शेवटी व्हाइसरॉयनी समारोप करायचा, आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे! अशा सभेत माणसाने बोलावे तरी कशासाठी? गोखल्यांचे मोठेपण मला याच प्रश्नाच्या उत्तरात दिसते.

तारीख २६ मार्च १९०२. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि तिच्याबद्दल त्यांचे अभिनंदन चालले होते. गोखले तेव्हा पस्तीस वर्षांचे, अंदाजपत्रकावरचे त्यांचे या सभेतले हे पहिलेच भाषण. ते उठले आणि म्हणाले की, या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही.

का? तर ही शिल्लक आली कुठून, हे त्यांनी तपासले होते. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडला पौंडांत पाठवावी लागे. निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च. ‘होम चार्जेस’ म्हणतात ते हेच. चांदी घसरली तसा रुपयाही घसरला, आणि तेवढेच पौंड पाठवायला जास्त रुपये लागू लागले. तूट भरून काढायला सरकारने कर वाढवले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या आणि रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर केला. आता तेवढेच पौंड पाठवायला कमी रुपये पुरू लागले. अडचण सरली, पण अडचणीसाठी बसवलेले कर तसेच राहिले. त्यातून ही शिल्लक उरली होती.

आणि ती कोणत्या वर्षांत? १८९६-९७ चा दुष्काळ, त्यामागोमाग १८९९-१९०० चा त्याहून भीषण दुष्काळ, आणि १८९६ पासून मुंबई-पुण्यात थैमान घालणारा प्लेग. लोक मरत होते आणि तिजोरी भरत होती. गोखल्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. भरलेली तिजोरी म्हणजे सुखी प्रजा नव्हे, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच आकड्यांनी सिद्ध केले. लष्करावर किती आणि शिक्षणावर किती, हेही विचारले. मिठावरच्या कराबद्दल तर ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. श्रीमंत माणूस काही दहापट मीठ खात नाही. म्हणून मिठावरचा कर गरिबाच्या ताटावरच जास्त बसतो.

पुढे काय झाले? १९०३ मध्ये हा कर अडीचचा दोन रुपये झाला. १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सगळे एकट्या गोखल्यांच्या भाषणांमुळे झाले, असा दावा मी करणार नाही. सरकारजवळ शिल्लक पडत होती, म्हणून त्याला कर उतरवणे परवडले. पण ती शिल्लक कोणाची आणि तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, हे दरवर्षी ठणकावून सांगणारा कोणी नसता, तर पैशाला दुसऱ्या वाटा पुष्कळ होत्या.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द वजन करून वापरावेत हे मला कवितेने शिकवले. गोखल्यांची भाषणे वाचताना वाटते की, ते आकडेही तसेच वजन करून वापरत. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले होते, अंकगणिताचे पुस्तक लिहिले होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त त्यांना लागली होती. आणि त्यांच्या मागे एक फारसा कोणाला आठवत नसलेला माणूस होता : गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेतले शिक्षक, पण सरकारी जमाखर्चाचे गाढे अभ्यासक. अंदाजपत्रकाच्या भाषणांसाठी गोखले त्यांचे साहाय्य घेत. सभागृहात एक माणूस उभा राहून बोलतो तेव्हा त्यामागे कोणाकोणाच्या रात्री खर्ची पडलेल्या असतात!

हे बोलणे दरवेळी फळाला आले असेही नाही. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. लष्करासाठी पैसा निघतो तर शाळेसाठी का नाही, हा जुनाच सवाल त्यामागे होता. मार्च १९१२ मध्ये ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत बिहारचे मजहरुल हक होते, आणि मुंबईच्या मुसलमानांनी निवडून दिलेले एक तरुण बॅरिस्टरही होते, महंमद अली जिना. पुढच्या इतिहासाने आपल्याला दुसरे जिना दिले. पण गरिबाच्या पोराला शाळा मिळावी म्हणून गोखल्यांच्या पाठीशी उभे राहिलेले हे जिनाही इतिहासातच आहेत. ते विधेयक पडले. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडले.

गोखल्यांजवळ जे नव्हते, ते राज्यघटनेने आपल्या प्रतिनिधींना दिले : मत. कायद्याशिवाय कर नाही, संसदेच्या मंजुरीशिवाय खर्च नाही. झालेला खर्च तपासायला महालेखापरीक्षक, आणि त्यांचे अहवाल वाचून अधिकाऱ्यांना जाब विचारायला लोकलेखा समिती. १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. एकटा सभासद काय करू शकतो, हे १६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधींनी दाखवले. आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटी रुपये कसे गुंतवले, हे त्यांनी लोकसभेत मांडले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई! मुंबईत न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आणि आता २०२३ चा मार्च महिना पाहा. सुमारे पंचेचाळीस लाख कोटी रुपयांच्या खर्चाला लोकसभेने चर्चेविना मंजुरी दिली. सभागृहात गदारोळ होता, मागण्या एकत्र करून मताला टाकल्या गेल्या. संसदेच्या भाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. पूर्वीही, निरनिराळ्या पक्षांच्या राजवटींत, ते वापरले गेले आहे. म्हणून हा कोणा एका पक्षावरचा आरोप नाही. मला खटकतो तो विरोधाभास. मताचा अधिकार नसलेला माणूस महिनोन्‌महिने अभ्यास करून बोलला, आणि मताचा अधिकार असलेल्यांनी न बोलता मत दिले.

आपला खासदार लग्नाला आला का, त्याने गल्लीत दिवा लावला का, हे आपण विचारतो. त्याने अंदाजपत्रकावर तोंड उघडले का, हे कधी विचारतो? संसदेतल्या भाषणांचे इतिवृत्त छापले जाते, ते कोणालाही वाचता येते. पुढच्या वेळी तो मत मागायला दारात येईल तेव्हा त्याला चहा जरूर द्यावा, आणि तो पीत असताना एवढे विचारावे : आमच्या पैशाबद्दल तुम्ही सभागृहात काय बोललात?