पवळा–बापूराव फड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी गाजलेला ढोलकी तमाशाचा फड. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथील पवळाबाई तबाजी भालेराव हिवरगावकर (१८७०–१९३९) आणि शाहीर पठ्ठे बापूराव, मूळ नाव श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५), हे त्याचे दोन आधारस्तंभ. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचा उल्लेख केला जातो. ‘नामचंद पवळा’ या बिरुदाने ती ओळखली जाई.

पार्श्वभूमी : संगमनेरला शाहिरीचा वारसा जुना आहे. पेशवाईतील अनंत फंदी (१७४४–१८१९) इथलेच. ते जन्माने ब्राह्मण. तरीही तमाशात रमले, फड घेऊन हिंडले आणि उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले. हिवरगाव पावसा पुणे–नाशिक रस्त्यावर आहे. याच रस्त्याने दक्षिणेला गेले की जुन्नर–नारायणगावचा तमाशाचा मुलूख लागतो. मध्ये जिल्ह्याची हद्द असली तरी तमासगिरांच्या लेखी हा एकच पट्टा होता. यात्रा, जत्रा आणि सुपाऱ्या याच वाटेने फिरत. हिवरगावचे देवगड खंडोबा देवस्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. पवळाला लहानपणीच खंडोबाची मुरळी म्हणून सोडल्याचे तिच्या चरित्रकथनांत येते. वाघ्या-मुरळीच्या जागरणात रात्रभर गाणे-नाचणे चालते. त्यामुळे बैठक, आवाज आणि लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य तिथेच मिळते. फडात येण्याआधीचे पवळाचे शिक्षण या परंपरेत झाले असे मानणेच सयुक्तिक ठरते.

पवळापूर्वी फडात स्त्रीची भूमिका ‘नाच्या पोऱ्या’ करी. लुगडे नेसलेला, केस वाढवलेला हा मुलगा गवळणीत राधा होई आणि लावणीत नायिका. गण, गवळण, बतावणी, लावणी इतकाच पसारा असेपर्यंत त्याच्यावर भागत असे. १८६५च्या सुमारास उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग उभा राहिला आणि तमाशाला कथानक मिळाले. वग रात्रभर चालणारा. त्यातल्या राणीला रागवायचे असते, रडायचे असते आणि शाहिराच्या सवालाला जवाबही द्यायचा असतो. नाच्याच्या मुरडण्या या कामाला अपुऱ्या पडू लागल्या. पवळाच्या येण्यामागे तिचे रूप आणि आवाज होताच, पण वगाची ही गरजही तितकीच होती. केवळ रूपाची कथा सांगणारे ही बाजू विसरतात.

फडाची जुळणी : बापूराव रेठरे हरणाक्ष (आता जि. सांगली) येथील कुलकर्णी घराण्यातले. गावातल्या तमासगिरांच्या संगतीत त्यांना कवनाचा नाद लागला. कुलकर्णीपणाचे वतन, घर आणि जात यांचा ताण सोसत अखेर ते उघडपणे फडात उतरले. कवी म्हणून त्यांचा हात विलक्षण वाहता होता. मात्र नुसत्या कवीच्या जोरावर फड उभा राहत नाही. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे-झांज धरून झील ओढणारे सुरते आणि हजरजबाबी सोंगाड्या हा संच आधी लागतो. हे कलावंत बहुतेक महार आणि मांग समाजातले असत. त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागे. ती फेडेपर्यंत कलावंत त्या फडाशी बांधलेला राही. एखादा ढोलकीवाला दुसऱ्या फडाने फोडला, तर उभा हंगाम लंगडा पडे.

अशा संचात पवळा आली आणि बापूरावांच्या कवनाला साजेसा गळा मिळाला. लावणी कागदावर पूर्ण होत नाही. ढोलकीच्या तोडीला पायांनी उत्तर देत, ओळ फिरवून फिरवून तिचा अर्थ उलगडणारी गायिका लागते. बापूराव लिहीत आणि पवळा ते लोकांच्या काळजात उतरवी. पुढे तिचा आवाज आणि तिची अदा मनात धरूनच ते लिहू लागले असावेत. दोघांच्या जोडीने फडाला जे तेज आले, त्याचे श्रेय एकाच्या खात्यावर टाकता येत नाही.

गावोगावच्या यात्रांतून फड मुंबईला पोहोचला. गिरणगावात घाटावरून आलेला कामगार मोठ्या संख्येने होता. त्याला गावाकडची ढोलकी हवी होती आणि तिकिटाचे पैसेही त्याच्या हाती होते. यात्रेतल्या उघड्या मैदानावरून तिकीट लावलेल्या थिएटरात जाणे हा तमाशाच्या व्यवहारातला मोठा बदल होता. या फडाचा त्यात ठळक वाटा आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांपुढे ‘मिठाराणी’चा वग झाल्याची आठवण तमासगीर अभिमानाने सांगत आले आहेत.

जातीचा प्रश्न : ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातली गायिका एका बोर्डावर उभे राहतात, हे त्या काळी सनातन्यांना रुचणारे नव्हते. बापूरावांना त्यांच्या जातीने दूर लोटले. त्यांचा हा त्याग मोठाच होता आणि त्याची वाखाणणी झालीही. पवळाने काय सोसले याची चर्चा मात्र क्वचित होते. १९२७च्या महाड सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असा प्रसंग सांगितला जातो. दलित स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यामागची भूमिका होती. तिच्यात पवळाच्या कलेचा अवमान पाहणे चूक आहे. कला तिची, पण फडाचा धनी दुसरा, ही विषमता त्या नकाराने उघडी पाडली.

फारकत आणि पुढे : पुढे दोघांची फारकत झाली. एकमेकांवाचून फडाला पूर्वीचा रंग राहिला नाही. पवळाचे ६ डिसेंबर १९३९ रोजी निधन झाले. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात हलाखीत गेले; २२ डिसेंबर १९४५ रोजी ते वारले. त्यांच्या जीवनावर ‘पठ्ठे बापूराव’ हा मराठी चित्रपट १९५०मध्ये निघाला.

पवळाने मोकळी केलेली वाट मात्र बंद झाली नाही. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या घराण्यातून विठाबाई पुढे आल्या. तुकाराम खेडकरांच्या फडात घडलेल्या कांताबाई सातारकरांनी खेडकरांच्या मृत्यूनंतर मुलाबाळांसह पुन्हा शून्यातून फड उभा केला आणि संगमनेर हे आपले ठाणे केले. वगात पुरुषाची भूमिकाही तितक्याच ताकदीने वठवणाऱ्या कांताबाई मे २०२१मध्ये संगमनेरातच निवर्तल्या. एकेकाळी बाईचे काम पुरुष करी. त्याच बोर्डावर बाईने छत्रपतींची भूमिका केली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

या फडाला आजवर ‘पठ्ठे बापूरावांचा फड’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. पवळा ही फडातली केवळ नाचणारी नव्हती, ती त्याचा बरोबरीचा आधारस्तंभ होती. आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात तिची नोंद त्याच मानाने व्हायला हवी.