तापीतली तीन अंडी

राजघाटाच्या जुन्या आठवणी इथे बरेच जण लिहितात. माझ्याजवळची आठवण जरा लाजेची आहे, आणि ती सांगायची तर आधी माझ्या माहेरी, वेंगुर्ल्याला जावं लागेल.

वेंगुर्ल्याच्या समुद्रात, साधारण १४-१५ किलोमीटर आत, खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. तिथे दीपगृह आहे, एका खडकावर जुन्या दीपगृहाचे अवशेष आहेत, बाकी गाव-वस्ती काही नाही. पण उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर तिथे सुरय पक्ष्यांची नुसती जत्रा भरते. काळी टोपी, लांब टोकदार पंख. काड्या-गवताचं घरटं हा पक्षी बांधतच नाही. अंडी घालतो ती उघड्या दगडावर, नाहीतर कपारीत.

ही बेटं जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत होती. १८७५ साली ॲलन ह्यूम (हो, तेच, दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेतले) लक्षद्वीपच्या सफरीत तिथे गेले होते. पुढच्याच वर्षी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्यांनी सफरीची हकीकत छापली. १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये तिथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. आमच्या घरी यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होती फक्त अंडी.

१९६५-६६ ची गोष्ट. शेजारचे काका होडी घेऊन त्या बाजूला गेले की एखादी टोपली भरून अंडी आणत. ठिपक्याठिपक्यांची. आई उकडून द्यायची. थोडा माशाचा वास यायचा, पण आम्ही भावंडं भांडून खायचो. आजी तेवढी म्हणायची, “अंड्यांक हात लावू नको गे.” आम्हाला वाटायचं, म्हातारीचं सोवळं!

१९७९ ला लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला आले. समुद्र सुटला. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंबरोबर राजघाटावर गेले तर पात्रातल्या दगडी हत्तीवरून एक सुरय गेला. मी ओरडलेच! हा नदीसुरय, पिवळ्या चोचीचा, समुद्रातल्यांचा भाऊबंद. मार्च ते मे तापी आटली की मधे वाळूची बेटं उघडी पडायची. त्या वाळूत नुसता खळगा करून हा अंडी घालतो. तिथेच माणसांच्या खरबुजांच्या वाड्या, तिथेच भटकी कुत्री आणि सुट्टी लागलेली पोरं.

आणि त्या पोरांत आमचा धाकटा. १९९१ च्या मे महिन्यात खिशातून तीन अंडी घेऊन आला. आठ वर्षांचा होता. मी त्याला एक चापट मारली. मग तशीच चप्पल घालून त्याला घेऊन भर उन्हात नदीवर गेले. जागा सापडेना. वाळूवर सगळे खळगे सारखेच दिसतात. डोक्यावर दोन पक्षी किंचाळत घिरट्या घालत होते. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी अंडी ठेवली आणि परतलो. वाटेत तो म्हणाला, “आई, तू खाल्लीस की कधी?” मी खोटं बोलले.

पुढे वेंगुर्ल्याचं आणखी एक कळलं. त्याच बेटांवरच्या अंधाऱ्या गुहांत पाकोळ्या राहतात. टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट शोधतात आणि स्वतःच्या लाळेने घरटं करतात. चीनकडे त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून ती खरवडून विकली जात होती. २००१ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी त्या गुहांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. वेळासच्या कासवांमुळे ही मंडळी पुष्कळांना माहीत असतील. बातमी वाचून पहिल्यांदा आठवली ती आमच्या घरची टोपली. घरटी विकणारे चोर, आणि आम्ही कोण?

त्या रात्री धाकट्याला खरं सांगितलं. तो तोवर कॉलेजात होता. हसला, म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं.”

नदीसुरय आता जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन घाटावर गेले होते. जैनाबादच्या बाजूला, पाण्यालगत दोन दिसले. नातू चपला काढून पाण्यात उतरायला निघाला. मी त्याचा हात धरून पायरीवर बसवलं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथूनच बघत होतो.