आज्ञापत्रातलं जीर्ण झाड

पन्हाळ्यावर गेलं की तीन दरवाजा होतो, अंबरखाना होतो, मग झुणका-भाकर. रामचंद्रपंत अमात्यांची समाधी मात्र बऱ्याच जणांची राहून जाते. आजची गोष्ट त्यांचीच, पण निमित्त आमच्या गल्लीतल्या आंब्याचं.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले हे रामचंद्रपंत. कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजी महाराज असताना, 1715 च्या सुमारास, त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात झाडांचा विषय येतो कुठं, तर आरमाराच्या प्रकरणात! जहाजाला साग वगैरे लागतो, तो परवानगीनं तोडावा, कमी पडला तर बाहेरून विकत आणावा. आंबा-फणसही जहाजाला चालतो, पण त्याला हात लावू नये. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात.

एवढा भाग व्हॉट्सअॅपवर दर पावसाळ्यात फिरतो. पुढचा फिरत नाही. झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, बळजबरी करू नये. गडांच्या प्रकरणात तर कामाचं-बिनकामाचं कुठलंही झाड लावा, जपा असं सांगितलंय, आणि तटात उगवलेलं मात्र कापून काढा. म्हणजे माणूस नुसता भावनिक नव्हता, बरं का. झाड कुठं आहे, कुठल्या अवस्थेत आहे, हे बघून बोलत होता.

आता जीर्ण कुणाला म्हणायचं? आमचा आंबा ‘धोकादायक’ आहे, काढून टाकू, असं गल्लीत ठरत आलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर बुंध्याला भोकं, खाली भुसा. भिरूड! ही अळी आतून खोड पोखरत जाते. भोकात तार घालून अळी काढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून चिखलानं लिंपायचं. फांदी छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे औषधसुद्धा गमतीनंच सापडलं. फ्रान्समध्ये बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेची द्राक्षं चोरांनी खाऊ नयेत म्हणून ती चुना-मोरचुदानं रंगवायचे. त्या वेलींवर केवडा कमी पडतो, हे मिलार्देच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यानं ते जाहीर केलं.

पण भिरूड शेवटी आली. त्याआधी बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसले, केबलच्या चरात मुळं तुटली, क्लासेसच्या पाट्यांचे खिळे ठोकले गेले. पाणी-हवा तोडलेलं झाड किडीला आयतंच सापडतं. दिल्लीत बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट नको, असं हरित लवादानं 2013 मध्येच बजावलं होतं. आपल्याकडं शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेलं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं.

आमच्या आंब्याचं वय? कुठलाच कागद नाही. शेजारचे आजोबा म्हणाले, “कोयनेचा भूकंप झाला तवा ह्यो माझ्या डोक्याएवढा हुता.” भूकंप 1967 चा. हिशोब तुम्हीच करा.

मागच्या रविवारी गल्लीनं एकमतानं, पहारीनं, मीटरभर ब्लॉक उचकटले. खिळे निघाले एकोणीस. चार भोकं लिंपली, त्यातल्या एकातून अजून भुसा पडतोय.