बातमीतून कोशात

ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर ७८ क्रमांकाच्या घराच्या परसात पन्हाळी पत्र्याची एक शेड होती. नाव मात्र भारदस्त, ‘स्क्रिप्टोरियम’. थंडीत आत असा गारठा पडे की जेम्स मरे पाय खोक्यात घालून कामाला बसत. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ म्हणून पुढे जगभर गाजलेल्या कोशाचे हे संपादक पेशाने शाळामास्तर.

भिंतीभर कप्पे आणि कप्प्यांत चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली सन, लेखकाचे नाव, पुस्तक, पान, आणि तो शब्द जिथे सापडला ते अख्खे वाक्य. १८७९ मध्ये मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या लोकांना जाहीर आवाहन केले होते: वाचता वाचता एखादा शब्द नवा, जुनाट किंवा वेगळ्या अर्थाने आलेला दिसला की चिठ्ठी करून पाठवा. चिठ्ठ्या पोत्यांनी येऊ लागल्या. त्या लावायला मरे यांची अकरा मुले होतीच. खाऊच्या पैशांवर त्यांनी ढीगच्या ढीग उपसले.

भांडण झाले ते वेगळ्याच कारणावरून. काही चिठ्ठ्यांवर शेक्सपिअर, मिल्टन नव्हते. कालपरवाचे वर्तमानपत्र होते. फ्रेडरिक फर्निव्हल हे मरे यांचे जुने सहकारी तर रोजच्या पेपराला कात्री लावून कात्रणे धाडत. कोश छापणाऱ्या छापखान्याच्या विद्वान कारभाऱ्यांना हे रुचले नाही. थोर लेखकांच्या पंगतीला बातमीदार कशाला, असा त्यांचा सूर. मरे बधले नाहीत. शब्द आज कोणत्या अर्थाने चालतो, हे पेपराइतके ताजे कोण सांगणार?

त्यांची बाजू भक्कम करणारा दाखला आयर्लंडमध्ये नुकताच घडला होता. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनींचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत. १८८० चे साल, पीक बेताचे. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० टक्क्यांवर अडला आणि बॉयकॉट यांनी कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. मग गावाने त्यांना वाळीतच टाकले. गडीमाणसे काम सोडून गेली, लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात. वैतागून बॉयकॉट यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिले आणि गावचा तंटा देशाची बातमी झाला. उत्तरेकडून पन्नास माणसे पीक काढायला आली, त्यांच्या रक्षणाला पलटण आली. सुमारे ५०० पौंडांचे पीक वाचवायला १०,००० पौंड खर्ची पडले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला.

या प्रकाराला म्हणायचे काय? ‘ऑस्ट्रसाइज’ हा ग्रीक वळणाचा शब्द कुळांच्या गळी उतरणार नाही, असे तिथले धर्मगुरू जॉन ओ’मॅली यांना वाटले. त्यापेक्षा खुद्द साहेबाचेच नाव वापरले तर, असे त्यांनी जेम्स रेडपाथ या अमेरिकी बातमीदाराला सुचवले. काही आठवड्यांत ‘टाइम्स’च्या रकान्यांत ‘बॉयकॉट’ हे क्रियापद झाले. मरे यांच्या कोशाचा तो भाग १८८७ मध्ये निघाला, त्यात ते दाखल. जेमतेम सात वर्षांचे पोर! वंगभंगानंतर १९०५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून बहिष्काराचा पुरस्कार केला, पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली, तेव्हा इंग्रजी पत्रांनी त्या चळवळीला लावला तो याच मेयोच्या मुकादमाच्या नावाचा शब्द.

एकदा मात्र मरे स्वतःच फसले. ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द तेव्हा नवा, निव्वळ डॉक्टरी. ऑक्सफर्डच्याच एका वैद्यकतज्ज्ञाचा सल्ला मानून त्यांनी तो गाळला. पुढे १९०२ च्या जूनमध्ये, राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना, सातव्या एडवर्डवर पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. २६ जूनचा सोहळा ९ ऑगस्टवर गेला. दुखणे अपेंडिक्सचे, त्यामुळे शब्द घरोघरच्या पेपरात, आणि थोरल्या कोशात त्याचा पत्ता नाही.

खरे तर तो फोडून पाहिला की अजिबात बोजड राहत नाही. ‘पेंड’ हे लॅटिन मूळ लोंबण्या-टांगण्याचे. अपेंडिक्स म्हणजे आतड्याला लोंबणारे शेपूट, आणि शेवटचे ग्रीक ‘आयटिस’ म्हणजे दाह, टॉन्सिलायटिसमध्ये असतो तोच. गळ्यातले पेंडंट याच घराण्यातले. कोर्टात पेंडिंग पडलेला खटला आणि सस्पेंड झालेला तलाठीही अधांतरी लटकलेलेच. मराठी पेपर वाचणाऱ्याला यांतले निम्मे शब्द रोजचे ओळखीचे असतात.

मरे १९१५ मध्ये गेले, कोश १९२८ मध्ये पुरा झाला. ‘अपेंडिसायटिस’ला त्यात जागा मिळाली ती १९३३ च्या पुरवणीत.