दिनविशेष : 10 सप्टेंबर
कोयासानमध्ये बाबासाहेबांचा पुतळा

2015 : जपानमधील वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. बौद्ध भिक्षू कूकाई यांनी नवव्या शतकात कोयासान डोंगरावर शिंगोन पंथाचे केंद्र उभारले. हे स्थळ 2004 पासून, तर अजिंठा-वेरूळची लेणी 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बौद्ध वारशाच्या या समान धाग्याला व्यापाराचीही जोड मिळाली. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात 2013 मध्येच पर्यटन व अन्नप्रक्रिया क्षेत्रांतील सहकार्याचा करार झाला होता. अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धनासाठी जपानने त्याआधीच सवलतीच्या दराने कर्ज दिले होते.