चार आण्यांचा वाद आणि नमुन्याचे शास्त्र

१९१८ साली मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला, तो एका आकड्यावरून पेटला होता. महसुलाच्या नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करून मागण्याचा हक्क शेतकऱ्यांना होता. सरकारी आणेवारी, म्हणजे पिकाचा आण्यांतला अंदाज, चार आण्यांच्या वर होती आणि शेतकरी म्हणत होते, पीक तेवढे नाही. लवादाची मागणी झाली, ती सरकारने फेटाळली. हा लढा राजकीय होता यात शंका नाही. पण आपला आकडा किती चुकू शकतो, हे सांगण्याचे साधन त्या वेळी दोन्ही पक्षांकडे नव्हते. पुढच्या तीसेक वर्षांत ते साधन घडले आणि त्याचा मोठा भाग भारतातल्या शेतांमध्येच घडला. सरासरी, नमुना, विचलन हे शब्द शाळेत सूत्रांबरोबर येतात. त्यांच्यामागचा हा इतिहास मुलांना सांगितला, तर नमुना कसा निवडावा हा प्रश्न हिशेबाइतकाच न्यायाचाही आहे, हे त्यांना कळेल.

आणेवारीची रीत साधी होती. त्या भागात चांगल्या वर्षी किती पीक येते हे गृहीत धरायचे, यंदाचे पीक त्या मानाने किती आणे आहे हे नजरेने ठरवायचे आणि त्यावरून उत्पन्न काढायचे. या पद्धतीची बाजू घेणारा म्हणेल की पिढ्यान्‌पिढ्या शिवार पाहणाऱ्या माणसाची नजर कोणत्याही यंत्राहून तयार असते. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कणीस भरले आहे की पोचट आहे, हे अनुभवी माणसाला लांबूनही कळते. अडचण वेगळीच आहे. नजरेच्या अंदाजाला चुकीचे माप नसते. तो एक आण्याने चुकला की तीन आण्यांनी, हे तपासणार कशाने? शिवाय पाहणारा कोणत्या शेतांपाशी थांबतो, हे त्याची सोय, ओळख आणि वरिष्ठांची अपेक्षा यांवर ठरते. अशा निवडीतून येणारी चूक एकाच दिशेला झुकते आणि हजार शेते पाहिली तरी भरून निघत नाही. सांख्यिकीत तिला अभिनती म्हणतात.

यावर उपाय निघाला तो चिठ्ठी टाकण्याचा. बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात भाताच्या शेतांतील लहान तुकडे दैवयोगाने निवडून कापले आणि आपली पद्धत १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीची नमुना पाहणी हाती घेतली. आधी छोटी चाचणी घ्यायची, खर्च आणि चूक दोन्ही मोजायचे, मग मोठी पाहणी आखायची, हा त्यांचा शिरस्ता होता. चिठ्ठीने नेमकी वाईट शेतेच निघाली तर काय, असा आक्षेप येथे स्वाभाविक आहे. तसे होऊ शकते. पण प्रत्येक शेताला निवडले जाण्याची ठरलेली संधी असेल, तर असे होण्याची शक्यता किती, हे आधीच काढता येते. नमुना चौपट केला की अशी चूक साधारण निम्मी होते. नजरेच्या अंदाजाबाबत असे वचन कोणी देऊ शकत नाही.

मात्र चिठ्ठीने सारे प्रश्न सुटत नाहीत, हे दाखवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी आणि लंडनमधून डॉक्टरेट घेऊन ते कृषी संशोधन परिषदेत आले आणि पीक कापणी प्रयोगांची घडी त्यांनी बसवली. कापणीचा तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून दिसते, असे त्यांनी १९४६ मध्ये मांडले. कारण भूमितीत आहे. एक मीटर बाजूच्या चौरसाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते, तर पाच मीटर बाजूच्या चौरसाला जेमतेम ऐंशी सेंटिमीटर. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हातात असते आणि हात आत धरण्याकडे झुकतो. लहान तुकडा स्वस्त पडतो, माणसे तयार असतील तर तो चालतो, अशी महालनोबिस यांची बाजू होती. त्यांच्याकडे स्वतःची प्रशिक्षित माणसे होती, परिषदेला मात्र सरकारी खात्यांतील कर्मचाऱ्यांवर विसंबायचे होते. दोघांच्या मतभेदातून एक गोष्ट पक्की झाली. नमुना वाढवल्याने दैवयोगाची चूक घटते, पण मोजण्याच्या रीतीतली चूक जशीच्या तशी राहते.

आज पीक विम्याची भरपाई ठरवताना कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो आणि अनेक पिकांसाठी तुकडा पाच मीटर बाजूचा असतो. आण्यांची जागा पैशांनी घेतली, तरी महाराष्ट्रात पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी हा कळीचा आकडा राहिला. येथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. महसूल मंडळाची सरासरी चांगली आली, तर ज्याचे एकट्याचे पीक गेले त्याला तिचा काय उपयोग? हा आक्षेप खरा आहे. चार शेतांत एकरी दहा-दहा क्विंटल आणि पाचव्यात शून्य असेल, तर सरासरी आठ निघते आणि शून्य झाकले जाते. पण दोष सरासरीचा नाही, तिच्यासोबत विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, न पाहण्याचा आहे. पाहणीचा घटक लहान केला तर सरासरी आणि एकट्याचे पीक यांतले अंतर कमी होते, पण त्यासाठी जास्त प्रयोग, जास्त माणसे आणि जास्त पैसा लागतो. तो खर्च करायचा की नाही, हा निर्णय समाजाने घ्यायचा असतो. म्हणून वर्गात आकडा दिसला की मुलांनी तीन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: नमुना कोणी व कसा निवडला, मोजले कशाने आणि चूक किती धरली आहे. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना या प्रश्नांची उत्तरे मागण्याची सोय नव्हती. आजच्या विद्यार्थ्याला ती आहे आणि ती वापरायला शिकवणे हेच सांख्यिकीच्या पहिल्या धड्याचे काम आहे.