शब्दवेध : पोदेर

गोव्यात पहाटे आणि दुपार कलल्यावर सायकलचा भोंगा वाजतो तो पोदेराचा. मूळ पोर्तुगीज शब्द ‘पादेइरो’, म्हणजे भट्टीवर पाव भाजणारा. आपला ‘पाव’ही त्याच भाषेतून आला. पायांनी पीठ मळतात म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, या व्युत्पत्ती अजून सांगितल्या जातात. पण पदार्थ आणि तो करणाऱ्याचे नाव एकाच किनाऱ्यावर एकाच भाषेतून उतरले, हा पुरावा मला पुरेसा वाटतो. खमीर दुर्मीळ, म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर आली, आणि परका पाव गोव्याचाच झाला.

खरा बदल मात्र अर्थात झाला. बालपणीच्या पोदेराची आठवण निघते तेव्हा भट्टी क्वचितच आठवते. आठवतो तो भोंगा, झाकलेली टोपली, तिच्यातली कोंड्याची पोई आणि बांगडीसारखी काकणां. नाव भाजणाऱ्याचे, ओढ दारी येणाऱ्याची. दारी येणारा बहुधा भट्टीचा मालक नसतो, मग त्याला पोदेर म्हणणे चूक नाही का, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. बोलणारे ज्याला रोज भेटतात त्याच्याकडे शब्द सरकतो. पोदेर अजून फिरतोच, मग हळहळ कशाला, हेही कोणी विचारेल. पण आता पाव दुकानातही सहज मिळतो, आणि तिथल्या विक्रेत्याला कोणी पोदेर म्हणत नाही.